टेलिफोनघराला सांगून गेलेली माणसं

आमच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस लिहायला बसला की पहिल्या ओळीतच सांगतो, अमुक एक प्रकरण मी जन्मात विसरणार नाही. माझं तसं नाही. मी हे प्रकरण चांगलं विसरून बसलेला असतो. पण घरातलं कोणी फोनवर बोलतं आणि 'येतो' न म्हणताच रिसीव्हर आपटतं, की ते गाव, तो उन्हाळा आणि बंबाच्या शेडवरची ती खोली पुन्हा समोर उभी राहते.

तेव्हा मी तिशीच्या आतला होतो. ठाणेदारकी नवी आणि रुबाब तिच्यापेक्षा मोठा. गावाचं नाव सांगत नाही. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं जावं लागतं, एवढं पुरे. काळी जमीन, कापूस, सरकी वेगळी करणाऱ्या जिन-प्रेस, आणि एप्रिल लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही असं ऊन.

त्या गावाला स्वतःचा टेलिफोन होता. आज सांगितलं तर कोणाला पटत नाही. सरकारी तार-टपाल खात्याचा नव्हे, चक्क नगरपालिकेचा. त्याचं मूळ एका आगीत होतं. फार पूर्वी कापूस बाजारात गंजीला आग लागली. जिनातला माणूस पालिकेत धावत गेला, पालिकेतला माणूस बंबवाल्याला शोधायला गेला, आणि बंब पोचला तेव्हा विझवायला राख तेवढी उरली होती. मग जिनवाले आणि पालिकेचे मेंबर एकत्र बसले. सरकारचा परवाना काढला, मुंबईहून जुना बोर्ड आणला आणि गावात तारा ओढल्या. जिन, दवाखाना, आमचं ठाणं, माझे वरिष्ठ सर्कल साहेब यांचा बंगला, एकदोन वकील, लाँड्री आणि ऐपतदार घरं, अशा मोजक्या ठिकाणी फोन आले. बोलणं गावातल्या गावात. परगावी बोलायचं असेल तर पोस्टात जाऊन बसा.

या सगळ्या कारभाराचं मुख्यालय म्हणजे बंबाच्या शेडवरची एक खोली. बाहेरून दगडी जिना, खिडकीत वाळ्याचा पडदा, दारावर 'नगरपालिका टेलिफोन, मुख्य कचेरी' अशी भारदस्त पाटी. लोक मात्र तिला टेलिफोनघर म्हणत. आगीचा फोन आला की ऑपरेटरनं खिडकीतून खाली हाक मारायची आणि बंब निघायचा, इतकी सोपी व्यवस्था होती.

दिवसा बोर्डावर एक बाई असायच्या. मॅट्रिक झालेल्या, विशीतल्या, नीटनेटक्या. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या. वडील वारलेले, आई आणि भाऊ एवढाच संसार. संध्याकाळी एक म्हातारे बुवा त्यांच्या जागी येत. गावात बाईंना टेलिफोनबाई म्हणत आणि त्यांच्याशी लोक घरच्यासारखे बोलत. नंबर कोणी सांगतच नसे. "बाई, डॉक्टरले लावा, पोट्ट्याले ताप हाय," असं म्हणायचं. त्या आधी तापाची चौकशी करायच्या आणि मग डॉक्टरांना जोडून द्यायच्या.

आणखी एक रीत होती. परगावी जायचं म्हणजे आपण शेजाऱ्याला सांगून जातो ना, तसे हे लोक टेलिफोनघराला सांगून जात. "बाई, आमी उद्या अकोल्याले लग्नाले चाललो. कोणाचा फोन आला तं सांगा, चार दिवसांनी करा." बाई ते लक्षात ठेवत आणि विचारणाऱ्याला सांगत. या रीतीचं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. पुढं तिनंच माझी झोप उडवली.

लग्नसराईत गावात घरफोड्या सुरू झाल्या. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. तिन्ही भरदुपारी, ऐन उन्हात. कुलूप जसंच्या तसं, मागच्या दाराची कडी सळईनं उचललेली. चांदीची भांडी, सोन्याचे गोठ, भारी शालू तेवढे गेलेले. पितळेला हात लावलेला नाही. पंचनाम्याला गेलो की तीच तऱ्हा: तिन्ही घरची माणसं लग्नाला गेलेली, तिन्ही घरी टेलिफोन, आणि तिघंही जाताना टेलिफोनघराला सांगून गेलेले.

तिसरं घर पालिकेच्या टेलिफोन कमिटीच्या शेटजींचं होतं. शेटजी परत आले ते सरळ ठाण्यात.

"मी सोता टेलिफोनघराले सांगून गेलतो," ते टेबलावर हात आपटत म्हणाले. "अन् पाहा त्या बाईचा कावा. माह्या साळ्यानं दुपारी फोन केला तं 'शेटजी गावाले गेले' असं सांगाव का नाई? नाई सांगतलं! उलट म्हणे, घंटी वाजोते, कोणी उचलत नाई. घंट्यावर घंट्या देत बसली. जसं काही तिले ठावूकच नाई!"

जमादारानं फिर्यादीत ते लिहून घेतलं. मी मान डोलावली. एवढं महत्त्वाचं वाक्य माझ्या कानावरून गेलं आणि मी खाली बघून चहा पीत होतो.

त्याच संध्याकाळी खबर आली. आमच्या गावात अकोल्याच्या एका मोठ्या लाँड्रीची शाखा होती. मालक अकोल्याला, इथलं दुकान एक माणूस सांभाळायचा. त्याला लाँड्रीवाला म्हणू. गोड स्वभावाचा, हसतमुख. कपडे गाठोड्यात बांधून खांद्यावर टाकायचा आणि घरपोच द्यायचा. माझ्या वर्दीला त्याच्यासारखी खळ आणि इस्त्री पुढं अमरावतीतही मला मिळाली नाही. वर्दी देताना तो हळूच म्हणाला, "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. टेलिफोनबाईचा भाऊ नवी सायकल घेऊन फिरून राहिला. काल परवापर्यंत चप्पल नव्हती त्याच्या पायात."

भाऊ रेल्वेत हंगामी गँगमन होता. नवी सायकल खरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ठाण्यात आणून बसवलं.

"सायकल कुठून आली?"

"सासऱ्यानं देल्ली जी. लगन ठरलं माहं. साखरपुड्याले देल्ली."

"सासरा काय करतो?"

"तिवस्याले सुतार हाय. इचारा ना त्याईले."

जमादार जुन्या वळणाचा होता. त्यानं बाह्या सरसावून माझ्याकडं बघितलं. मी नको म्हटलं. त्यात मोठेपणा नव्हता. चौकशीत पहिला तासभर माणसाला नुसतं बसू द्यावं, खोटं बोलणारा स्वतःहून जास्त बोलायला लागतो, असा माझा अनुभव होता. हा पोरगा काहीच बोलला नाही. एकदाच त्यानं विचारलं, "साहेब, आज ड्युटी बुडाली तं नाव कापतीन का जी माहं?" हंगामी माणसाचं नाव कापलं की परत लागत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तिवस्याला माणूस पाठवला आणि मी टेलिफोनघराचा जिना चढलो.

आत उकडत होतं. बाई कानाला यंत्र लावून बोर्डासमोर बसल्या होत्या. भाऊ ठाण्यात आहे हे त्यांना कळलं होतं, कारण सकाळपासून अर्धं गाव तारेवरून तेच बोलत होतं. मी खुर्ची ओढली आणि विचारपूस सुरू केली. त्या उत्तर देत होत्या आणि हात चालू होते. बोर्डावर प्रत्येक घराची एक छोटी पितळी झडप होती. घरच्या माणसानं फोनची मूठ फिरवली की ती झडप टपकन पडायची. मग बाई त्या घराच्या भोकात दोरी खुपसून "बोला" म्हणायच्या, आणि दुसरी दोरी हव्या त्या घराच्या भोकात घालायच्या.

"शेटजी तुम्हाला सांगून गेले होते का?"

"नाई सांगतलं साहेब."

"बाकीचे दोघं?"

"कोणीच नाई सांगतलं. सांगतलं असतं तं मी सांगतलं असतं ना फोन करणाऱ्याले. माहं कामच हाय ते."

"तिन्ही घरचे लोक खोटं बोलतात?"

एक झडप पडली, त्यांनी दोरी लावली, काढली. मग म्हणाल्या, "मोठे लोक आहेत. त्याईले खोटं कसं म्हणू मी?"

मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "तुम्ही लोकांचं बोलणं ऐकता, अशी कमिटीकडं तक्रार होती. खरं की नाही?"

त्यावर मात्र त्या माझ्याकडं वळल्या. "ऐकत होती. खरं हाय. पण काहून ऐकत होती ते कमिटीनं इचारलं नाई. साहेब, बोलणं झालं का मूठ फिरवून एक शेवटची घंटी द्याव लागते. ती घंटी देल्ली का दोरीवरची ही झडप पडते, मंग मले समजते का दोरी काढाव. पण आपल्या गावात कोणी घंटी देतच नाई."

"का?"

"त्या घंटीचा आवाज समोरच्याच्याबी घरी वाजते ना जी. म्हणतेत, सासऱ्यासंग बोललो अन् वरून त्याच्या कानात घंटी वाजोली तं काय म्हणतीन? उठा, चालते व्हा, असंच नाई का ते? म्हणून समदे गुपचूप ठेवून देतेत. मंग मले मधात कान लावून पाहाव लागे, बोलणं झालं का नाई. तं शेटजी म्हणे बाई ऐकते. लगनं सुरू व्हायच्या आधी कमिटीनं बोलावून ताकीद देल्ली, का यापुढं मधात कान लावशीन तं घरी बसशीन. तवापासून नाई ऐकत मी. दोऱ्या तशाच राहतेत लागून. झडप पडली का काढतो, नाई तं तशाच."

मला हे सगळं बाईंची पळवाट वाटली. यंत्राची भानगड सांगून साहेबाला गुंगवणारे लोक मी पाहिले होते. "उद्यापर्यंत विचार करा," असं बजावून मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला.

"साहेब, माही नोकरी जाईन तं जाऊ द्या. पण भावाचं लगन मोडन. पोलिसात बसवलेल्याले कोण पोरगी देते? त्याले सोडान का?"

मी जिना उतरलो.

ठाण्यात येऊन सर्कल साहेबांच्या बंगल्यावर फोन लावला. साहेब शेटजींच्या पंगतीतले. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "उद्या सकाळी बाईला अटक दाखवा. आमच्यावर वरून दाब आहे. आणि आता मी तपासासाठी बाहेर पडतोय, मला पुन्हा फोन करू नका." मी "येस सर" म्हटलं आणि तसाच रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. वरिष्ठांनी आधी ठेवायचा, मग आपण. त्यांनी ठेवला, मी ठेवला. मूठ फिरवायचं माझ्या मनातही आलं नाही. सर्कल साहेबांच्या कानात घंटी वाजवायला मला काय वेड लागलं होतं?

खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाण्याचा फोन खणखणला. मी उचलला. मी काही बोलायच्या आत तिकडून बाईसाहेबांचा, म्हणजे सर्कल साहेबांच्या पत्नीचा, पुण्याकडचा खणखणीत आवाज आला.

"हे पाहा, कोणाचाही फोन आला तरी इकडे जोडायचा नाही हं. साहेब जेवून झोपलेत. दौऱ्यावर गेलेत म्हणून सांगा. कळलं ना?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं: "हं."

तिकडून रिसीव्हर ठेवला गेला. मी हातातला रिसीव्हर बघत बसलो. जमादारानं विचारलं, "काय झालं साहेब?" मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता. बाईसाहेबांनी टेलिफोनघराला निरोप सांगितला होता आणि तो मिळाला होता मला. मी शेवटची घंटी दिली नव्हती. दोरी लागलेलीच राहिली. त्यांनी मूठ फिरवली ती टेलिफोनघरासाठी, पण घंटी वाजली ठाण्यात. तिकडं बोर्डावर दोरीची झडप पडली असणार आणि बाईंनी हातातलं काम आटोपल्यावर, 'बोलणं संपलं' असं समजून दोरी काढून टाकली असणार. साहेबांची झोप ठाण्याला कळली आणि टेलिफोनघराला तिचा पत्ताच नाही.

आणि मग शेटजींचं ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. घंट्यावर घंट्या देत बसली. अरे, चोराला सामील असलेली बाई चोर घरात असताना त्याच घरात घंट्या वाजवत बसेल? शेजारीपाजारी गोळा व्हावेत म्हणून? तिला खरंच ठाऊक नव्हतं! शेटजी पुरावा म्हणून जे सांगत होते, तेच तिच्या निर्दोषपणाचं प्रमाण होतं.

मी सायकलवर टांग टाकली आणि त्याच उन्हात तिन्ही घरं पालथी घातली. प्रत्येकाला दोनच प्रश्न. टेलिफोनघराला सांगितलंत तेव्हा उत्तर कोणी दिलं? आणि त्याच्या आधी कोणाशी बोलला होतात?

शेटजी वैतागले. "उत्तर कोण देते? बुवा होते. 'हं' म्हणे अन् ठेवून देल्ला."

"किती वाजता?"

"सकाळी. पूजा झाल्यावर."

बुवा तर संध्याकाळी येतात! शेटजींच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. दुसऱ्या दोन्ही घरीही सकाळी कोणा माणसानं 'हं' म्हटलेलं.

"आणि त्याच्या आधी कोणाला फोन केला?"

आतून शेटाणीबाई म्हणाल्या, "लाँड्रीले नाई का केला? माहा शालू नव्हता आला इस्त्रीहून. लगनाले काय तशीच जाऊ?"

पहिल्या घरी फेटे अडकले होते, दुसऱ्या घरी धोतरजोड्या. तिन्ही ठिकाणी लाँड्री. लग्नाला निघणारं घर लाँड्रीला फोन करणारच. लाँड्रीवाला आदबीनं बोलणार, हे लोक घंटी न देता ठेवणार, आणि लगेच मूठ फिरवून टेलिफोनघराला सांगायला जाणार. मी रस्त्यात उभा राहिलो आणि अंगावरच्या वर्दीकडं पाहिलं. कडक इस्त्री होती. सायकलची खबर मला कोणी दिली होती हे तेव्हा आठवलं. खबर आली की ती खरी आहे का हे आपण विचारतो. ती देणाऱ्याला आत्ताच का द्यावीशी वाटली, हे आधी विचारायला हवं.

संशय म्हणजे पुरावा नव्हे. लाँड्रीवाला सावध होऊ नये म्हणून पोराला ठाण्यातच ठेवलं आणि बाईंची सकाळची अटक काहीतरी सबब सांगून संध्याकाळवर ढकलली. सापळा लावायला गावातले एक वकील तयार झाले. त्यांच्या घरूनही मंडळी लग्नाला जायचीच होती. सकाळी त्यांनी लाँड्रीला फोन करून कोटाची चौकशी केली, घंटी न देता ठेवला, आणि लगेच मूठ फिरवून म्हणाले, "आम्ही आत्ताच्या गाडीनं निघालो. परवापर्यंत घर बंद आहे." तिकडून 'हं' आलं. मंडळी टांग्यात बसून सगळ्या गावादेखत स्टेशनवर गेली. मी, जमादार आणि दोन शिपाई मागच्या बाजूनं आधीच आत येऊन बसलो होतो.

दुपार झाली. पत्रे तापून कडकड वाजत होते. शेजारच्या अंगणात एक म्हातारी पापड राखत बसली होती. फटीतून मी पाहत होतो. लाँड्रीवाला गाठोडं खांद्यावर टाकून बोळातून आला. म्हातारीनं विचारलं, "काहून रे, वकील तं गावाले गेले ना?"

"कपडे ठेवून जातो आजी. ठाणेदार साहेबाचेबी आहेत संग, तिकडंच चाललो," तो म्हणाला आणि गाठोड्यावरची घडी थापटून दाखवली.

गाठोड्यावर सगळ्यांना दिसेल अशी माझी खाकी वर्दी ठेवली होती! त्या वर्दीला कोण अडवणार? जमादारानं माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर रुमाल दाबला. माझी मात्र कानशिलं तापली. तीनही घरांतली चांदी माझ्याच वर्दीच्या पहाऱ्यात गावातून फिरली होती.

सळईनं कडी उचलून तो आत आला. जमादारानं त्याच्या मनगटाला धरलं तरी त्याच्या तोंडावर हसू होतं, कारण आधी त्याला वाटलं वकिलाचा गडी आहे. मग मी दिसलो.

मुद्देमाल शोधायला फार लांब जावं लागलं नाही. लाँड्रीत गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कपड्यांची एक मांडणी होती. जुन्या रजयांच्या घड्यांमध्ये चांदी, गोठ, शालू सगळं जागच्या जागी सापडलं. विकायची त्याला घाई नव्हती; पावसाळ्यात बऱ्हाणपूरकडं जाणार होता.

जबानी घेताना त्यानं काही लपवलं नाही. "साहेब, मी कोणाच्या घरी कान लावाले नाई गेलो. बोलणं झालं का मी ठेवो, तं लगेच घंटी वाजे. उचललं तं म्हणे, आमी गावाले चाललो. पहिल्यांदा वाटलं चुकून आला. दुसऱ्यांदा वाटलं, बावा, हे लोक तं मले घरबसल्या सांगून राहिले! मी फक्त 'हं' म्हटलं."

"आणि शेटजींच्या घरी?"

"तिथं जीव जायची वेळ आली. मी आत, अन् टेलिफोनची घंटी थांबेच ना. ते बाई घंट्यावर घंट्या देऊन राहिली. अर्धं टाकून पळालो." मग मान खाली घालून म्हणाला, "म्हणूनच मनात आलं, हे बाई बोर्डावरून गेली पायजे."

सायकलची खबर त्यानं का दिली, ते मला विचारावंही लागलं नाही.

आधी पोराला सोडलं. तिवस्याहून माणूस परत आला होता. सायकल सासऱ्यानंच दिलेली होती, आणि सासरा स्वतः सोबत आला होता. तो ठाण्याच्या पायरीवर जावयाशेजारी बसून होता, हे पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी त्या सुताराला खुर्ची दिली. ठाण्यात बसवलेल्या माणसाला कोण पोरगी देतो, याचं उत्तर समोर बिडी ओढत बसलं होतं. रेल्वेच्या मुकादमाला मी स्वतः भेटलो आणि पोराचं नाव कापलं जाणार नाही अशी व्यवस्था केली.

मग टेलिफोनघराचा जिना चढलो. आदल्या दिवशी हाच जिना चढताना पाय जड होते. आज मी दोन-दोन पायऱ्या टाकत गेलो. बाई बोर्डावरच होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "न्यायले आले का साहेब? जरा थांबा. बुवाले निरोप धाडला. बोर्ड रिकामा सोडता येत नाई, आग-बिग लागली तं."

"न्यायला नाही आलो," मी म्हणालो. "चोर सापडला. लाँड्रीवाला."

त्यांचा हात दोरीवर तसाच राहिला. मी सगळं सांगितलं. शेटजींच्या घंट्यांचं, वर्दीचं, सगळं. त्या ऐकत होत्या. मधे एक झडप पडली, त्यांनी दोरी लावली, "बोला" म्हणाल्या आणि तेव्हा आवाज फाटला. नंबर जोडून दिला, पदराला डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला:

"भाऊ जेवला का जी?"

"जेवला. जमादारानं घरची भाकर दिली. सासरा पण जेवला."

मग मात्र त्या हसल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. नोकरीत मी पुढं मोठमोठे गुन्हे उघडकीस आणले, शाबासक्या मिळाल्या. पण त्या खोलीत मला जितकं मोकळं वाटलं तितकं कधी वाटलं नाही. एका रात्रीच्या अंतरानं मी त्या बाईला हातकड्या घालणार होतो.

शेटजींचं काय झालं, असं लोक विचारतात. माणूस तापट पण दिलाचा साफ. कमिटी बोलावली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ऐकू नको म्हणून मीच तिले दटावलं, अन् ऐकलं नाई म्हणूनच माहं घर फुटलं. आता कोणाले बोलू?" बाईंना ताकीद दिली होती ती परत घेतली. घरोघरी फोनशेजारी पाटी लागली: बोलणं झालं की घंटी द्या. आणि टेलिफोनघरातून 'टेलिफोनघर' असा शब्द ऐकल्याशिवाय कोणी निरोप सांगायचा नाही, असं ठरलं.

पण व्याह्याच्या कानात घंटी वाजवणं गावाला जड जात होतं. त्यावर गावानंच तोड काढली. निरोप घेताना म्हणायचं, "घंटी देतो बरं, येतो." समोरच्यानं म्हणायचं, "या." आणि मग मूठ फिरवायची. म्हणजे आता घंटी माणसाला हाकलत नव्हती. पहिल्या दिवशी शेटजींनी स्वतः सर्कल साहेबांच्या कानात घंटी वाजवली, आणि साहेब झोपेतून उठले असं बाई मला नंतर सांगत होत्या. ते मात्र त्यांनी ऐकलं होतं.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. चांगल्या रीतीतही फट असते, आणि चोर फटीतूनच येतो. त्या फटीजवळ बसलेला माणूस आपल्याला आधी दिसतो म्हणून त्याला धरायचं नसतं. तो खोटं बोलतो असं ठरवण्याआधी त्याचं काम कसं चालतं ते बसून बघावं. मी ते पहिल्याच भेटीत तासभर बघितलं असतं तर सायकल दामटायची वेळ आली नसती.

पुढं माझी अमरावतीला बदली झाली. तोवर सरकारी खातं तो टेलिफोन ताब्यात घेणार अशी बातमी आली होती. शेडवरच्या खोलीत नंतर जकातीचं ऑफिस गेलं म्हणतात. बाईंना सरकारी एक्स्चेंजमध्ये घेतलं, हे मला त्यांच्या भावाकडून कळलं. तो रिद्धपूरच्या जत्रेत भेटला होता, त्याच सायकलवर, दांडीवर लेक बसलेली.

निघायच्या दिवशी सकाळी मी घरून फोनची मूठ फिरवली. सामान आठवड्यानं न्यायचं होतं. घराला कुलूप, आत बायकोचे दागिने सोडले तर सगळा संसार.

"टेलिफोनघर," बाई म्हणाल्या.

"बाई, आम्ही आजच्या गाडीनं अमरावतीला चाललो. घर बंद राहील. कोणाचा फोन आला तर सांगा."

पोलीस ठाणेदार आपलं रिकामं घर आपल्याला सांगून चाललाय, हे त्यांना उमगलं असावं.

"सांगतो साहेब," त्या म्हणाल्या. "मीच ऐकून राहिली. काळजी नका करू."

"घंटी देतो बरं. येतो."

"या जी."

मी मूठ फिरवली, कुलपाची किल्ली खिशात टाकली आणि गाडी पकडायला निघालो.